वय दाखवायचं, की आधार देऊन टाकायचं?

खानापूर बसस्टँडजवळच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. शेताचे उतारे, जातीचे दाखले, स्कॉलरशिपचे फॉर्म, रेशनकार्डात नाव घालणं, असली कामं दिवसभर चालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मावशी नातवाला घेऊन आल्या. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "ताई, बघा की ओ, पोराच्या ह्या खेळाला माझं आधार कशाला मागूलालेत?"

पोरगा सातवीतला. एका खेळाच्या ॲपमध्ये त्यानं वय बारा असं खरंखरं लिहिलं होतं. त्यावर ॲपनं पालकाच्या ओळखपत्राचा फोटो मागितला होता, पुढून आणि मागून. आईवडील कामाला गोव्यात, म्हणून पोरानं आजीच्या कार्डाचा फोटो काढला होता. फोटो स्वच्छ आला होता. बारा आकडे, जन्मतारीख, नवऱ्याचं नाव, गल्ली, पिनकोड, सगळं वाचता येत होतं. खालचं निळं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

मी ते दाबू दिलं नाही. पण का दाबायचं नाही, हे मावशींना दोन वाक्यांत सांगायला मला जमलं नाही. पोरांना सांभाळायला कायदा झालाय म्हणतात, मग कार्ड द्यायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचंही नव्हतं. त्या दिवशी जे नीट सांगता आलं नाही, ते इथं सविस्तर मांडते.

वय तपासणं आपल्याला नवं नाही. आमच्या भागात साठीपुढच्या माणसांची कार्डं हातात घ्या, एक जून ही जन्मतारीख वारंवार दिसेल. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावत. बोटं कानाला लागली, म्हणजे सहा वर्षं पुरी झाली. रजिस्टरात तारीख पडायची एक जून, शाळा सुरू व्हायच्या बेताची. माझ्या वडिलांची तीच, दोन्ही काकांचीही तीच. लांब हाताचं पोरगं पाचव्या वर्षीच पहिलीत बसायचं आणि आखूड हाताचं वर्षभर घरी राहायचं. पण या तपासणीत एक गोष्ट चांगली होती. गुरुजींनी कान बघितला आणि विषय तिथंच संपला. त्या कानाची नक्कल कुणाच्या कपाटात गेली नाही.

तेरा हा आकडा आला कुठून

इंटरनेटवर सुरुवातीला तपासणी अशी नव्हतीच. जन्मतारीख विचारायची आणि सांगितली ती खरी मानायची. १९९८ साली अमेरिकेनं मुलांच्या ऑनलाइन माहितीबद्दल कायदा केला, त्याला कोप्पा म्हणतात. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर आईवडिलांची परवानगी हवी, असं त्यात आहे. परवानगी घेत बसण्यापेक्षा मोठ्या कंपन्यांनी सोपी वाट काढली आणि तेराच्या आतल्यांना खातंच नाही, असा नियम केला. फेसबुक-इन्स्टाग्रामवर आजही दिसणारा तेराचा आकडा तिथून आला. आणि पोरांनी त्यावर तोड काढली ती जन्मसाल मागं ढकलायची. "ताई, कुठलं साल घालू?" हा प्रश्न माझ्या दुकानात मी इतक्या वेळा ऐकलाय की त्या चौकटीवर माझा विश्वास कधीच उडाला.

सरकारांचाही उडाला. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्याखाली २५ जुलै २०२५ पासून अश्लील मजकूर दाखवणाऱ्या साइटना वयाची पक्की तपासणी करावी लागते. "मी अठरा वर्षांचा आहे" यावर टिचकी मारणं आता चालत नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यानं २०२३ च्या सुरुवातीला असाच कायदा लागू केला, मग इतर राज्यांची रांग लागली. टेक्सासचा कायदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी टिकला. ऑस्ट्रेलिया सगळ्यांत पुढं गेली. १० डिसेंबर २०२५ पासून तिथं सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. मुलांना किंवा पालकांना दंड नाही, पण कंपनीनं वाजवी उपाय केले नाहीत तर तिला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

हे वारं आपल्याकडंही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात एका सुनावणीवेळी न्यायमूर्तींनी शाळकरी पोरांना सोशल मीडिया बंद करावा, वयाची मर्यादा घालावी, असं तोंडी बोलून दाखवलं होतं.

या काळजीला मी हसणार नाही. माझी मुलगी नववीत आहे. रात्री अकराला तिच्या मोबाईलवर आपोआप एकामागून एक काय सरकत येतं, ते मी बघितलंय. कंपन्यांना आवर घालायलाच हवा. माझं भांडण आहे ते आवर घालण्याच्या रीतीशी.

पोर ओळखायचं तर सगळ्यांनाच विचारावं लागतं

दारात उभा राहिलेला माणूस पोर आहे की मोठा, हे साइटला दिसत नाही. म्हणून सोळा वर्षांच्या पोराला अडवायचं असेल, तर चाळीस वर्षांच्या बाईलाही वय सिद्ध करायला सांगावं लागतं. कायद्याच्या नावात मुलं असली, तरी कागद मोठ्यांनाही दाखवावे लागतात. या एका गोष्टीपाशी खासगीपणाचा सगळा प्रश्न सुरू होतो.

पण कागद दाखवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. आमच्या बायकांना त्यातली एक रोज अनुभवायला मिळते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यात राहणाऱ्या बाईला साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास करता येतो. मी नंदगडहून रोज अशीच येते. कंडक्टर जवळ आला की मी आधार वर धरते. तो पत्त्यावर नजर टाकतो, झिरो तिकीट फाडतो आणि पुढच्या सीटकडं वळतो. चंदगडहून आलेल्या माझ्या मावसबहिणीचा पत्ता महाराष्ट्राचा, तिला तिकीट काढावं लागतं. ते तिला खटकतं, तो वेगळा विषय. पण तपासणी म्हणून बघा. कंडक्टरला एकच गोष्ट कळायला हवी होती, बाई कर्नाटकची आहे की नाही. ती कळली. माझा नंबर त्यानं लिहून घेतला नाही, फोटो काढला नाही, आणि काल मी कुठल्या बसनं कुठं गेले होते, हे त्याला ठाऊकही नाही. मी कार्ड दाखवलं आणि परत पर्सात ठेवलं.

दुसरी तऱ्हा म्हणजे झेरॉक्स. कार्डाची नक्कल समोरच्याच्या ताब्यात जाते आणि त्यापुढं तिचं काय होतं, हे आपल्या हातात राहत नाही. हा माझाच धंदा आहे, म्हणून जरा जास्त जबाबदारीनं बोलते. दोन वर्षांपूर्वी आठवड्याच्या बाजारातून चिरमुरे आणले. पुडा सोडला, चिरमुरे डब्यात ओतले, आणि हातात उरलेला कागद उलटा केला तर तो एका माणसाच्या आधारची झेरॉक्स निघाला. फोटो काळपट आला होता, पण नंबर स्पष्ट होता. कोपऱ्यात पेनानं मोबाईल नंबर लिहिलेला आणि खाली सही. कुठल्या तरी कचेरीतून रद्दीत गेलेला तो गठ्ठा असणार. मी तो कागद चुलीत घातला, पण त्या गठ्ठ्यातले बाकीचे कागद कुठल्या घरी गेले असतील, हा विचार बरेच दिवस पाठ सोडत नव्हता.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयानंच एक सूचना काढली होती. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा, असं त्यात होतं. दोन दिवसांत ती मागं घेतली गेली, तिचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता आहे असं कारण देऊन. सूचना मागं गेली, पण मास्क्ड आधारची सोय तेव्हाही होती आणि आजही आहे.

मशिनी काय काय करतात

आता ऑनलाइन तपासणी प्रत्यक्षात कशी चालते ते बघू. कार्डाचा फोटो पाठवायचा आणि शेजारी आपला सेल्फी, ही सगळ्यात ओळखीची पद्धत. मशीन दोन चेहरे जुळवते आणि कार्डावरची जन्मतारीख वाचते. बहुतेक वेळा हे काम ती साइट स्वतः करत नाही, बाहेरच्या कंपनीला देते. म्हणजे आपण एका दारात उभे असतो आणि कार्ड जातं भलत्याच घरात, ज्याचं नावही आपण कधी ऐकलेलं नसतं. काही देशांत क्रेडिट कार्डावरून, बँक खात्यावरून किंवा सिम कंपनीच्या नोंदीवरूनही वय पडताळतात. आमच्याकडं हे नीट चालायचं नाही, कारण घरातली तिन्ही सिमं बाबांच्या नावावर असतात.

चेहरा बघून वयाचा अंदाज बांधणारी पद्धत मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. कॅमेऱ्यात बघायचं, मशीन चेहरा जोखते आणि एक आकडा सांगते. नाव लागत नाही, कार्ड लागत नाही. फोटो फोनच्या बाहेर गेला नाही आणि लगेच पुसला गेला, तर खासगीपणाच्या दृष्टीनं ही पद्धत कार्डापेक्षा बरी. पण अंदाज तो अंदाज. अमेरिकेची निस्ट ही मापन-मानकांची सरकारी संस्था असल्या मशिनींची चाचणी घेते. चूक सगळ्यांच्या बाबतीत सारखी नसते, बाई की पुरुष, कुठल्या प्रदेशात जन्मलेला, वय किती, यावर ती बदलते, असं तिला २०२४ च्या अहवालात आढळलं. सतरा आणि अठरा यांतला फरक चेहऱ्यावर लिहिलेला नसतोच. म्हणून कंपन्या मध्ये राखीव जागा सोडतात, चेहरा पंचविशीच्या खालचा वाटला की कार्ड मागतात. म्हणजे अंगानं बारीक असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला शेवटी कार्ड द्यावंच लागणार आणि लवकर मिसरूड फुटलेला पंधराचा पोरगा आत जाणार. गुरुजींच्या कानाचीच ही गोष्ट, फरक इतकाच की गुरुजींच्या डोळ्यामागं कुठली साठवण नव्हती. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ मध्ये लोकांनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यापुढं धरून अशी तपासणी पारही केली.

चौथी रीत सगळ्यात गुपचूप चालते. काही विचारायचंच नाही, वागण्यावरून ताडायचं. कोणते व्हिडिओ बघतो, कधी बघतो, काय शोधतो, खातं किती जुनं आहे. यूट्यूबनं ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत असा अंदाज लावायला सुरुवात केली. कार्ड द्यावं लागत नाही, पण त्यासाठी सगळ्यांवर पाळत ठेवावी लागते. पोरांवर पाळत नको म्हणून आपण कायदा करतो आणि पोर कोण हे ठरवायला पुन्हा पाळतच वापरतो, हे मला पटत नाही.

साठवलेलं कधी ना कधी बाहेर येतंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेनं कळवलं की, तिचं ग्राहकसेवेचं काम बघणाऱ्या बाहेरच्या व्यवस्थेत चोरी झाली आणि सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. त्यांत वय चुकीचं ठरवलंत म्हणून दाद मागताना ज्यांनी कार्ड पाठवलं होतं, अशी माणसं होती. त्याआधी जुलैमध्ये टी नावाच्या, फक्त बायकांसाठी असलेल्या अमेरिकन ॲपमधून सुमारे ७२,००० चित्रं बाहेर पडली. त्यांतली सुमारे १३,००० ही बाई असल्याचा पुरावा म्हणून पाठवलेले सेल्फी आणि ओळखपत्रं होती. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. चेहरा आणि जन्मतारीख बदलून मिळत नाही.

शिवाय कार्डापेक्षा नाजूक असते ती कार्ड आणि वाचन यांची जोडी. एखाद्या बाईला एचआयव्हीच्या औषधांबद्दल वाचायचंय, एखाद्या मुलीला पाळी चुकल्याबद्दल विचारायचंय, एखाद्या पोराला आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत का हे समजून घ्यायचंय. ही माणसं गावातल्या डॉक्टरकडं जात नाहीत, कारण तिथं बाकड्यावर शेजारीण बसलेली असते. फोन हा त्यांचा एकमेव आडोसा. त्या आडोशाच्या दारात नावानिशी कार्ड मागितलं, तर ती आल्या पावली परत फिरतील आणि त्यांचा प्रश्न तसाच राहील.

आपला कायदा काय म्हणतो

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुलांबद्दलची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. या कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं कुणीही. अमेरिका तेरा म्हणते, ऑस्ट्रेलिया सोळा, आपण अठरा. पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला असलेली, सीईटीची तयारी करणारी मुलगीही यात मूलच. कलम ९ प्रमाणे मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल. मुलांच्या वागण्याचा माग काढता येणार नाही आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवता येणार नाहीत. शाळा-दवाखान्यांना यात थोडी मोकळीक आहे. ही जबाबदारी मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

जाहिरातींवरची बंदी मला मनापासून आवडते, कारण ती कंपनीचे हात बांधते. संमतीच्या भागात मात्र मला खड्डे दिसतात. संमती देणारा सज्ञान आहे आणि त्याची ओळख पटते, एवढं कंपनीनं बघायचं. तो खरंच त्या मुलाचा बाप आहे का, हे तपासायची पक्की रीत नियमांत नाही. आणि पोरानं मुळातच मी वीस वर्षांचा असं सांगितलं तर? कंपनीला ते कळायचं असेल तर तिनं सगळ्यांचंच वय तपासायला हवं. २०० कोटींची तलवार डोक्यावर असताना कंपनी कमी कागद मागेल की जास्त, हे सांगायला नको.

आमच्या गावांत हे कसं होईल तेही बघा. घरात चांगला फोन एक, तो पोराच्या हातात. संमतीचा ओटीपी त्याच फोनवर येणार, पोरगंच तो वाचून टाकणार आणि कागदोपत्री बापाची संमती पूर्ण. आईवडील गोव्यात नाहीतर पुण्यात, पोर आजीकडं. कायदा म्हणतो आईवडील किंवा कायदेशीर पालक, आणि आजी कागदावर यांपैकी कुणीच नाही. त्यात आधारवरची जन्मतारीखही प्रत्येक वेळी पक्की नसते. तारखेची नोंद पडताळलेली, स्वतः सांगितलेली किंवा अंदाजे, अशी तीन प्रकारची असते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला जास्त भरवशाचा, असं ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका भरपाईच्या खटल्यात म्हटलं. एक जूनवाल्या माणसांना हे कुणी वेगळं सांगायला नको.

पण याच कायद्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत, त्या लक्षात ठेवा. संमती घेताना त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची आणि काम संपलं की पुसायची, असं तो सांगतो. खेळायला परवानगी द्यायची तर नवऱ्याचं नाव आणि गल्ली कशाला हवी, हा मावशींचा प्रश्न म्हणजे शब्दशः कायद्याचाच प्रश्न आहे. दुसरी गोष्ट आम्हा सीमाभागातल्या माणसांना सांगताना मला खरंच आनंद होतो. माहिती का घेतोय याची नोटीस आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत बघायचा पर्याय कंपनीला द्यावा लागेल. त्या बावीसांत मराठी आहे, आणि माणूस कुठल्या राज्यात राहतो याची अट नाही. १९५६ पासून मराठीत कागद मिळावा म्हणून इथं किती अर्ज गेले, किती मोर्चे निघाले, ते बेळगाव-खानापूर-निपाणीच्या माणसाला ठाऊक आहे. इथं तो हक्क कायद्यातच लिहिलेला आहे. मे २०२७ नंतर जे ॲप मराठी नोटीस दाखवणार नाही, त्याच्याकडं ती मागायची.

सरकारला मात्र याच कायद्यानं बऱ्याच सवलती दिल्यात. केंद्र सरकार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या संस्थांना कायद्यातून वगळू शकतं. सीमाभागात आंदोलन करणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हा निकाल आला तोही आपल्याच राज्यातल्या एका वृद्ध माणसाच्या अर्जामुळं. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं हा हक्क मान्य केला. पुट्टस्वामी ऑक्टोबर २०२४ मध्ये वारले. खासगीपणात हात घालायचा तर त्याला कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा, ही त्या निकालातून आलेली कसोटी. वयाच्या तपासणीत पहिल्या दोन गोष्टी सहज जुळतात. घोडं अडतं ते तिसरीपाशी.

हद्द ओलांडणारे

हद्दीवर राहणाऱ्याला कायद्याची हद्दही दिसते. कर्नाटकात २०२५ पासून तंबाखू विकत घ्यायचं वय एकवीस आहे. निपाणीहून निघून कोगनोळीचा टोलनाका ओलांडला, कागल आलं, की अठरा. इंटरनेटवर अशी हद्द ओलांडायच्या साधनाला व्हीपीएन म्हणतात. आपण बसलेलो असतो खानापुरात आणि साइटला वाटतं सिंगापूर. ब्रिटनमध्ये तपासणी सुरू झाली त्याच आठवड्यात व्हीपीएनची ॲप डाउनलोडच्या यादीत वर चढली. पोरं फुकटचं व्हीपीएन घेतात, आणि फोनवरची सगळी ये-जा त्या अनोळखी मालकाच्या हातून होते. बंद दारापेक्षा ही चोरवाट पोराला जास्त धोक्याची.

मग चांगली रीत असू शकते का? असू शकते, आणि ती कंडक्टरच्या जवळ जाणारी आहे. समजा तलाठ्यानं एक चिठ्ठी दिली, तीवर इतकंच लिहिलंय की ही चिठ्ठी बाळगणारा अठरा वर्षांच्या वर आहे. नाव नाही, तारीख नाही, खाली शिक्का खरा. दुकानदार शिक्का ओळखतो, माणूस ओळखत नाही. तलाठ्याला माणूस माहीत, पण चिठ्ठी कुठल्या दुकानात दाखवली हे त्याला कधी कळत नाही. गणिताच्या आधारानं फोनमध्ये अशी चिठ्ठी बनवता येते. फ्रान्समध्ये याला दुहेरी अनामिकता म्हणतात. युरोपीय संघानं जुलै २०२५ मध्ये अशा ॲपचा नमुना जाहीर केला आणि डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्पेन या देशांत चाचणी ठरवली. आपल्या नियमांतही डिजिलॉकरसारख्या सेवेनं दिलेल्या आभासी टोकनची वाट ठेवलेली आहे. पण ती तीन वाटांपैकी एक, निवड कंपनीची. शिवाय टोकन देणाऱ्याकडं कोण कुठं गेलं याची नोंद राहणार नाही, अशी सक्ती नसेल तर तलाठ्याच्या हातात सगळ्या गावाची वही आयती येईल. ऑस्ट्रेलियानं निदान दोन गोष्टी कायद्यातच लिहिल्या: सरकारी ओळखपत्र हा एकमेव पर्याय ठेवायचा नाही आणि वयासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करायची. आपल्याकडं पहिलीसारखी अट घालायला अजून वेळ आहे.

तोवर माझ्या दुकानात मी काही गोष्टी पाळते. नुसतं वय किंवा ओळख दाखवायची असेल तर मास्क्ड आधार काढून देते. झेरॉक्सवर आडवं लिहायला लावते, कशासाठी आणि कुठल्या तारखेला. बिघडलेली प्रत ग्राहकासमोरच फाडते. व्हॉट्सॲपवर आलेलं कार्ड प्रिंट झाल्यावर पुसते, आणि पुसलं ते दाखवते. पोराच्या फोनसाठी आधी फोनमधलीच पालकांची सोय लावून देते, गुगलचं फॅमिली लिंक त्यातलं एक. त्यात कुठलं ॲप घ्यायचं, किती वेळ वापरायचं हे आईच्या फोनवरून ठरतं.

त्या मावशींचंही शेवटी तेच केलं. गोव्यात त्यांच्या सुनेला व्हिडिओ कॉल लावला. तिची दुपारची सुट्टी संपत आली होती, मागं भांड्यांचा आवाज येत होता. तिच्या फोनवर फॅमिली लिंक चालू करायला वीस मिनिटं गेली. नेट दोनदा तुटलं. पोरानं ते ॲप काढून टाकलं, आणि गॅलरीतला आजीच्या कार्डाचा फोटोही. "कचऱ्याच्या डब्यातनं पण काढ," मी म्हटलं, तसा तिथूनही काढला. मावशींनी आधार लुगड्याच्या ओच्यात खोचलं, आणि नंदगडच्या बसला अजून किती वेळ आहे ते विचारलं.